दोन मजले चढून रस्ता ओलांडणारी माणसं

आमच्या भागातून जाणाऱ्या हमरस्त्यावर एक पादचारी पूल आहे. लोखंडी सांगाडा, वर पत्रा, दोन्ही अंगांना जाहिरातींचे फलक. रस्त्याची रुंदी असेल पंचवीस-तीस मीटर. साध्या चालीने अर्ध्या मिनिटात पार व्हावी एवढी. पुलावरून जायचं तर मात्र आधी दोन मजले चढायचे. खालून कंटेनर जायला साडेपाच मीटर उंची मोकळी सोडावी लागते, म्हणून चाळीसेक पायऱ्या वर आणि तेवढ्याच खाली. शिवाय पूल बसथांब्यासमोर नाही, बराच पुढे आहे. सकाळी मी त्या थांब्यावर उभी असते तेव्हा पुलावर कोण दिसतं? बाईंनी हाकलत नेलेली शाळेच्या मुलांची एखादी रांग, आणि व्यायाम म्हणून जिने चढणारं एक जोडपं. बाकी सगळे खालून जातात. पोळ्या करायला, भांडी घासायला निघालेल्या बायका, बांधकामावरचे मजूर, रात्रपाळी संपवून परतणारे वॉचमन, पाठीवर सॅक टाकलेली कॉलेजची पोरं. दुभाजकावरच्या जाळीला एक फट पाडलेली आहे. तिथपर्यंत पळत जायचं, अंग चोरून फटीतून शिरायचं, दुभाजकावर दम खायचा आणि उरलेला अर्धा रस्ता देवाच्या भरवशावर.

‘लोकांना शिस्त नाही,’ असं एकदा माझ्या शेजारी उभे असलेले गृहस्थ म्हणाले. मी होकार दिला, कारण सकाळी सकाळी वाद कोण घालणार. पण नंतर तो पूल डोक्यातून जाईना. पादचारी पूल म्हणतात त्याला. पादचाऱ्याला त्याचा उपयोग काय, तर रस्ता होता त्यापेक्षा चौपट लांब करून मिळतो. त्याचा खरा उपयोग खालच्या वाहनांना आहे, त्यांना ब्रेक लावावा लागू नये म्हणून तो तिथे उभा आहे. शंभर अश्वशक्तीचं यंत्र हाताशी असलेल्या माणसाला पायाचा पंजा दाबण्याचा त्रास नको, म्हणून गुडघे गेलेल्या मावशींनी दोन मजले चढायचे, अशी ही वाटणी आहे. आणि ती चढणारी बाई कोण? जिच्यासारखं राहा, असं आपण हल्ली एकमेकांना शिकवतो, तीच.

कमी कार्बनचं राहणीमान हा आपल्याकडे शपथांचा विषय झाला आहे. राज्य सरकारने २०२० मध्ये ‘माझी वसुंधरा’ अभियान काढलं, त्यात शपथा आहेत. केंद्राचं ‘लाइफ’ अभियान आहे, त्यातही माणसाने आपल्या सवयी बदलाव्यात यावर भर आहे. माझा शपथांना विरोध नाही. पण त्या घ्यायला लावताना एक गोष्ट सोयीने विसरली जाते: माणशी कार्बन उत्सर्जनात भारत वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. आणि ही सरासरी खाली ओढून धरणारी माणसं कोण, तर कामावर पायी जाणारी, बसच्या दांड्याला लटकणारी, एसटीचा पास काढणारी, सायकलवर दुधाचे कॅन बांधणारी. त्यांनी कधी शपथ घेतलेली नसते. त्यांच्यासाठी ते राहणीमान नाही, नाइलाज आहे. या माणसांना शिकवण्यासारखं आपल्याकडे काही नाही. त्यांना सुखरूप रस्ता ओलांडू द्यावा, एवढंच करायचं शिल्लक आहे, आणि नेमकं तेच आपण करत नाही.

२०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, अशी केंद्रीय परिवहन खात्याची नोंद आहे. त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. महाराष्ट्राचा वाटा १५ हजारांवर. दुचाकीवाले आणि पादचारी मिळून मृतांमधले निम्म्याहून जास्त. मोटारीत बसलेल्याभोवती पत्रा असतो, पट्टा असतो, हवेची पिशवी असते. पायी चालणाऱ्याभोवती फक्त कपडे असतात.

इथे वेगाचं गणित सांगायला हवं, कारण सगळा प्रश्न त्याच्याभोवती फिरतो. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या गाडीपेक्षा ६० ने येणारी गाडी दुप्पट नाही, चौपट जोराने आदळते. तिशीच्या वेगात धडक बसलेली बहुतेक माणसं वाचतात. पन्नास-साठच्या पुढे वाचणं नशिबाचा भाग होतो. जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा असा की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघातांचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. आता आपले रस्ते बघा. चौकांचे कोपरे सैल गोलाईचे, गाडीला वळताना वेग कमी करावा लागू नये म्हणून. सिग्नलवर चालणाऱ्यांचा हिरवा माणूस उगवतो आणि आपण पट्ट्याच्या मध्यावर पोहोचायच्या आत लुकलुकायला लागतो. भारतीय रस्ते काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं फुटपाथची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर सांगतात, उंची फार तर दीडशे मिलिमीटर, म्हणजे सहा इंच. आमच्याकडे फुटपाथ गुडघ्याला टेकणारे आहेत. दर बंगल्याच्या फाटकापाशी खाली उतरतात आणि पुन्हा चढतात. सत्तरीच्या माणसाने त्यावरून चालावं अशी अपेक्षा करणं हा विनोद आहे, म्हणून तो खाली डांबरावरून चालतो आणि मागून हॉर्न खातो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित फुटपाथ हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. चालण्यासाठी घटनेपर्यंत जावं लागलं, यातच सगळं आलं.

अपघात हा शब्दच मला खटकतो. त्यात दैवाचा वास आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये दीडशेच्या घरात माणसं दगावली होती. त्यानंतर कठडे दुरुस्त झाले, उघडे खांब आणि टोकं झाकली गेली, वेगावर नजर आली. २०१९ पर्यंत तो आकडा शंभराच्या आत आला. माणसं तीच, त्यांची शिस्तही तेवढीच. बदलला तो रस्ता आणि त्यावरची देखरेख.

पुण्यात राहून या विषयावर बोलायचं तर सायकलींचा उल्लेख टाळता येत नाही. हे शहर एके काळी सायकलींचं म्हणून ओळखलं जायचं, हे वाक्य इतक्या वेळा लिहिलं गेलं आहे की ते स्मरणरंजनाच्या लोणच्याचा मसाला झालंय. फारसं कुणी सांगत नाही ते हे की सायकलीचं शहर बुडवणारी यंत्रंही याच शहराने बनवली. १९७२ साली आकुर्डीतून बजाजची ‘चेतक’ बाहेर पडली, आणि त्याच वर्षी कायनेटिकची ‘लूना’ आली. दोन्ही कंपन्या इथल्याच. २०१८ च्या सुमाराला पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी आली, तेव्हा पन्नास वर्षांपूर्वी पेरलेलं उगवलं एवढंच झालं.

पण इथे मला थांबायला हवं, कारण त्या पापात मीही आहे. ऐंशीच्या दशकात पहिल्या पगारातून मी लूना घेतली. त्या गाडीने मला जे दिलं ते कुठल्याही बसने दिलं नसतं: संध्याकाळचा क्लास, उशिरा संपणारं नाटक, माहेरी कुणाला न विचारता जाण्याची सोय. तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटीवर निघालेली पुण्याची मुलगी हा बाहेरच्यांच्या चेष्टेचा विषय आहे, पण त्या ओढणीआडून एक अख्खी पिढी घराबाहेर पडली. त्यामुळे ‘दुचाकी सोडा’ असं मी कुणाला तोंड वर करून सांगू शकत नाही. ती सोडावीशी वाटेल असं दुसरं काही आपण त्या मुलीपुढे ठेवलं आहे का, एवढं मात्र विचारू शकते. रात्री साडेनऊला थांब्यावर उजेड आहे का, बस येणार हे तिला ठाऊक आहे का, थांब्यापासून घरापर्यंतच्या सातशे पावलांत एखादं दुकान उघडं असतं का? ही उत्तरं ‘नाही’ असतील, तर तिची स्कूटी हा चुकीचा निर्णय नाही. शहराने तिच्यावर ढकललेला खर्च आहे तो.

मग विजेवर चालणारी गाडी घ्या, असा सल्ला येतो. घ्यावी, धूर कमी होतो, आवाज कमी होतो, हे चांगलंच. मात्र विजेची मोटार त्याच मापाच्या पेट्रोल गाडीहून बॅटरीमुळे बहुधा जड असते, आणि धडकेच्या सूत्रात वजन आहे, इंधन नाही. तिला रस्त्यावर जागा तेवढीच लागते. उभं राहायलाही तेवढीच लागते. शिवाय महाराष्ट्रातली बरीच वीज अजून कोळशावर निघते. धुराडं रस्त्यावरून उचलून कोराडीला किंवा चंद्रपूरला नेऊन ठेवलं, एवढा त्याचा अर्थ. तिथल्या माणसांनाही फुप्फुसं असतात.

गाडीला लागणारी जागा हा खरा कळीचा मुद्दा आहे, आणि इथे रस्त्याचा प्रश्न घराच्या प्रश्नाला जाऊन भिडतो. शहराबाहेर, जिथे पूर्वी ज्वारी-ऊस होता, तिथे उभ्या राहणाऱ्या वसाहतींची माहितीपत्रकं चाळा. हरित मानांकन, छतावर सौरपट्ट्या, पावसाचं पाणी मुरवण्याची सोय, ओल्या कचऱ्याचं खत, असं सगळं असतं. त्याखाली बारीक अक्षरात: दर घरामागे दोन गाड्यांचं पार्किंग. बिल्डर तरी काय करणार, नियमच तसा आहे; किती चौरस मीटरच्या घराला किती गाड्यांची जागा ठेवायची हे बांधकाम नियमावलीत कोष्टक करून दिलेलं असतं. मोटार उभी राहायला साडेबारा चौरस मीटर लागतात. पण ती तिथपर्यंत पोहोचायला, वळायला, उतारावरून खाली यायला लागणारी जागा मिळवली की हिशेब पंचवीस-तीस चौरस मीटरवर जातो. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल गटातल्या कुटुंबाचं घर तीस चौरस मीटरपर्यंतचं होतं. एका गाडीचं घर आणि एका कुटुंबाचं घर जवळपास सारखं. फरक असलाच तर हा की गाडीच्या घरासाठी कुणाला अर्ज करावा लागत नाही.

आणि गाडीचं हे घर सिमेंटचं. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो. भट्टी तापवायला जाळलेला कोळसा हा त्यातला लहान भाग. मोठा भाग खुद्द चुनखडीतून सुटतो, ती भाजली की तिच्यात कोंडलेला वायू बाहेर पडतो. भट्टीचं इंधन बदललं तरी तो थांबत नाही. म्हणजे दोन-तीन मजली तळघर ओतून त्यावर सौरपट्ट्या लावल्या तर सुरुवातीलाच केवढी उधारी झाली, ती फेडायला पट्ट्यांना किती वर्षं लागणार? हा हिशेब माहितीपत्रकात नसतो. पुणे विद्यापीठाच्या चौकातला उड्डाणपूल आठवा. वाहतूक सुटावी म्हणून बांधला, सुटली नाही, आणि मेट्रोसाठी २०२० मध्ये पाडला. जेमतेम दीड दशकात एवढं काँक्रीट ओतून, फोडून, ढिगाऱ्यात घालून झालं. आता त्याच जागी दुमजली पूल. ज्या शहरात घरात प्लास्टिकची पिशवी धुऊन वाळत घालतात, त्या शहरात.

टिकाऊ घर कसं असावं याचे धडे आपल्याकडे नव्हते असं नाही. जुन्या वाड्यांचं कौतुक मी बेताने करते, कारण त्या वाड्यांत कोपऱ्यातल्या एका मोरीवर पाच बिऱ्हाडं होती, विधवांना मागच्या अंधाऱ्या खोल्या होत्या आणि विहिरीवर जातीचा पहारा होता. ते परत यावं असं मला मुळीच वाटत नाही. पण पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, मधला चौक, सोपा आणि रस्त्याकडचा ओटा ही बुद्धिमान रचना होती. ओट्याचं वैशिष्ट्य असं की तो धड घरातला नाही आणि धड रस्त्यावरचा नाही. तिथे बसून आजोबा सुपारी कातरत आणि गल्लीतल्या प्रत्येक पोरावर लक्ष ठेवत. आता त्या जागी पार्किंगचा तळमजला आला आहे. खिडक्या सुरू होतात त्या डोक्याच्या वर, गल्लीच्या पातळीवर फक्त शटर आणि चाकं. रस्त्याकडे बघणारं कुणी उरलं नाही.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी हे ओळखलं होतं. नवी मुंबईची कल्पना शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांच्यासह त्यांनी १९६० च्या दशकात मांडली, आणि पुढे बेलापूरला, १९८३ पासून, एक वसाहत करून दाखवली. एका लहान अंगणाभोवती सात घरं, अशा तीन अंगणांचं मिळून एक मोठं अंगण, असं वाढत जाणारं गाव. उंच इमारत नाही, लिफ्ट नाही, तरी हेक्टरी पाचशेच्या आसपास माणसं. प्रत्येक घराची भिंत स्वतःची, शेजाऱ्याच्या भिंतीला न जोडलेली; पैसे आले की शेजाऱ्याला न विचारता खोली वाढवता यावी म्हणून. घरांमध्ये मोकळी जागा अशी की त्यात मोटारीपेक्षा मूल सहज मावेल. आज तिथली कित्येक घरं पाडून लोकांनी काँक्रीटची बांधली आहेत, अंगणात गाड्या शिरल्या आहेत. कोरियांना ते चाललं असतं की नाही यावर वास्तुरचनाकार वाद घालोत. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते अंतर. घरापासून अंगण, अंगणापासून दुकान, दुकानापासून शाळा, सगळं चालत जाण्याच्या टप्प्यात. आणि त्याच नवी मुंबईत आज पाम बीच मार्ग म्हटलं की लोकांना आठवतो तो सुसाट वेग.

अंतर कमी ठेवणारी एक जुनी संस्था अजून तग धरून आहे: पथारीवाला. कोपऱ्यावरची भाजीवाली नसेल तर कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी मॉलपर्यंत गाडी काढावी लागते. संध्याकाळी तिच्या पाटीवरचा दिवा असतो म्हणून ती गल्ली मुलींना चालण्याजोगी वाटते. पण आपण रस्ता सुंदर करायला घेतला की पहिली उचलली जाते तीच. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ पासून आहे, तरीही. जंगली महाराज रस्त्यावर महापालिकेने फुटपाथ रुंद केले, झाडांभोवती बसायला जागा केली, मुलांना खेळायला काही केलं. मी त्याची जाहीर तारीफ करते, तिथे म्हातारी माणसं खरोखर बसतात. मात्र सगळीकडे ते जमलेलं नाही. जिथे विकणारा नाही, बसणारा नाही, तिथला रुंद फुटपाथ दोन दिवसांत दुचाक्यांचा तळ होतो आणि गर्दीच्या वेळी तिसरी मार्गिका. मोकळी जागा मोकळी राहत नाही. कुणासाठी ती आहे हे ठरवावं लागतं.

‘हॉलंडमध्ये हे चालतं हो, आपल्याकडे नाही’ हे वाक्य अशा चर्चेत ठरलेलं. हॉलंडमध्येही चालत नव्हतं. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात तीन हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, त्यांच्या चळवळीचं नावच ‘मुलांची हत्या थांबवा’ असं होतं. दोन वर्षांनी तेलाची टंचाई आली आणि सरकारला रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. मुलांचा जीव आणि तेलाचा खर्च हे दोन्ही हिशेब एकाच रस्त्यावर येऊन मिळाले. डेल्फ्ट शहरातल्या लोकांनी गल्ल्यांमध्ये झाडं, बाकं, वळणं घालून मोटारीला चालत्या माणसाच्या वेगाने जायला भाग पाडलं. त्या रचनेचं नाव ‘वोनेर्फ’. शब्दशः अर्थ राहतं आवार. मराठीत त्याला सरळ अंगण म्हणावं. म्हणजे ते आपल्याकडे निघालेले, आपण त्यांच्या जुन्या चुकीकडे.

आपले प्रयोग फसतात ते बहुतेक चालणाऱ्या माणसाच्या वाटेवर. डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली, देशात पहिली. कल्पना उत्तम होती: बसला स्वतःची मार्गिका. पण बस मधून धावणार म्हणजे प्रवाशाला दर वेळी अर्धा रस्ता ओलांडावा लागणार, आणि त्या ओलांडण्याकडेच दुर्लक्ष झालं. पुढे नगर रस्त्यावरची बीआरटी तर काढून टाकली गेली. बस हरली असं म्हणतात. माझ्या मते बसपर्यंत पोहोचायची वाट हरली. मेट्रोचंही तेच होण्याची भीती आहे. मार्च २०२२ मध्ये ती सुरू झाली, आता जमिनीखालून मंडई-स्वारगेटपर्यंत जाते, डबे थंडगार आणि चकचकीत. स्थानकातून बाहेर पडलं की पहिलं पाऊल कशावर पडतं, त्यावर तिचं भवितव्य ठरेल. बसचा असो की मेट्रोचा, प्रवासी दोन्ही टोकांना पादचारी असतो.

अकरा डिसेंबरला पुण्याचा लक्ष्मी रस्ता चालणाऱ्यांसाठी काही तास वाहनांना बंद असतो, २०२१ पासून. मी एकदा मुद्दाम गेले होते. व्यापारी कुरकुरत होते, रांगोळ्या काढलेल्या होत्या, ढोल वगैरे होता, जरा जत्रेसारखं. मला लक्षात राहिला तो आवाज. दुकानदार आतून गिऱ्हाइकाशी बोलत होता ते रस्त्याच्या मधोमध ऐकू येत होतं. माझ्यापुढे एक तरुण बाई लहान मुलाचा हात धरून चालली होती, आणि मध्येच तिने तो हात सोडला. मूल पुढे पळालं, तिने हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तिला तो हात घट्ट धरावा लागला असणार.

आमच्या पुलाखालची फट गेल्या पावसाळ्याआधी बुजवण्यात आली. दोन माणसं वेल्डिंगचं यंत्र घेऊन आली, नवे गज लावले, हिरवा रंग दिला. तीन आठवड्यांत गज पुन्हा वाकले, त्याच जागी, थांब्याच्या बरोबर समोर. आता तिथे कुणीतरी दोन पेव्हर ब्लॉक एकावर एक ठेवून पायरी केली आहे, म्हाताऱ्यांना दुभाजकावर चढायला सोपं जावं म्हणून.